नाशकात तीन दिवस: आधी गड की आधी मिसळ?

रंकाळाकर

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या आठवड्यात कोल्हापूरहून गाडीने नाशिकला येतोय. बुधवारी रात्री पोचणार आणि रविवारी पहाटे परत निघणार, म्हणजे हातात गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आम्ही नवरा-बायको, धाकटा भाऊ, दहा वर्षांची मुलगी आणि आई. मुलगी पन्हाळा, पावनगड, रांगणा चढली आहे. दम चांगला आहे, पण कातळातल्या उभ्या पायऱ्यांची सवय नाही. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात. शंभर-दोनशे पायऱ्या थांबत थांबत चढते. गुरुवारी तिचा उपवास असतो.

कागदावर मांडलंय ते असं: गुरुवारी सकाळी मिसळ, मग पांडवलेणी, संध्याकाळी पंचवटी. शुक्रवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन, ब्रह्मगिरी आणि येताना अंजनेरी. शनिवारी सकाळी मिसळ खाऊन हरिहर. मुक्कामाला नाशिक रोड स्टेशनजवळ स्वस्त लॉज दिसतायत.

हे जमेल का? हरिहर मुलीला झेपेल का? आम्हाला कट आणि स्लाइस ब्रेडची सवय, तर नाशिकची मिसळ वेगळी कशी, कुठे खावी, किती वाजता? आईला उपवासाचं चांगलं कुठे मिळेल? आणि द्राक्षाच्या बागेत जाऊन द्राक्षं खायची, हे मुलीने पक्कं ठरवलंय.

गोदाकाठ

नाशकात स्वागत. जागा सगळ्या चांगल्या निवडल्यात, क्रम मात्र जवळजवळ उलटा करावा लागेल.

पहिलं म्हणजे मुक्काम. नाशिक रोड स्टेशन शहराच्या पूर्वेला, जुन्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, ९-१० किलोमीटरवर आहे. तुमचे सगळे गड पश्चिमेला आणि उत्तरेला. तिथे राहिलात तर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी अख्खं शहर ओलांडावं लागेल. गंगापूर रोड, सातपूर किंवा त्र्यंबक रोडच्या बाजूला खोली बघा. हजार-पाचशे जास्त गेले तरी पहाटेचा पाऊण तास वाचतो, आणि गडावर तो पाऊण तासच कामाला येतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालेली असतात, त्यामुळे नकाशा जो वेळ दाखवेल त्यात अर्धा तास मिळवूनच चाला.

दुसरं, शुक्रवारचा बेत मोडा. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी दोन्ही ४,२०० फुटांच्या वरचे, दोन्हींना जाऊन-येऊन पाच-सहा तास. एका दिवसात दोन्ही केले तर दुसऱ्याची उतरण संपेपर्यंत पाय लटपटतात, आणि माणूस पडतो तो बहुतेक उतरताना. शिवाय अनंत चतुर्दशीनंतरची पौर्णिमा झाली की पितृपंधरवडा. त्रिपिंडी, नारायण नागबळी करायला सगळीकडून कुटुंबं त्र्यंबकला येतात. रांग लांब, पार्किंग मिळणं कठीण. दर्शन आणि गड एकाच सकाळी बसवायला गेलात तर दोन्हींची घाई होईल.

तिसरं, हरिहर शनिवारी नको. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या बस भरून येतात, आणि तिथला कातळात कोरलेला जिना एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. वर जाणारे आणि खाली येणारे मध्यावर समोरासमोर येतात. शुक्रवारी जा.

मी असं मांडेन:

गुरुवार: पहाटे रामशेज, उतरून मिसळ, संध्याकाळी पंचवटी आणि जुनं नाशिक.
शुक्रवार: हरिहर, दुसरं काहीही नाही.
शनिवार: सकाळी आईला घेऊन पांडवलेणी, मग मिसळ, दुपारी आराम.

अंजनेरी शनिवारी टाकायचा मोह होईल. पण ते हनुमानाचं जन्मस्थान मानतात आणि वार मारुतीचा, त्या दिवशी पायऱ्यांवर माणसांची रीघ असते. हरिहर पावसामुळे रद्द झाला तर शुक्रवारी अंजनेरी करा.

रामशेज पहिल्या दिवशी ठेवला तो पाय मोकळे करायला. पेठ रस्त्यावर आशेवाडी गाव, पंचवटीपासून १२-१४ किलोमीटर. गडाची उंची ३,२७३ फूट, पण गावच उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढ पाऊण ते एक तासाचा. वाट मळलेली, अर्ध्यावर रामाचं मंदिर आणि पाण्याचं टाकं. ते पाणी पिण्याचं धरू नका, माणशी दोन लिटर खालून न्या. वर सावलीला झाड नाही, म्हणून साडेसहाला पायथा सोडायचा आणि साडेनऊला खाली यायचं. माथ्यावर जमिनीतच कातळ फोडून खाली उतरत गेलेला दरवाजा आहे, दहा पावलांवर जाईपर्यंत दिसत नाही. मुलीला तो शोधायला लावा. १६८२ मध्ये मोगलांनी या गडाला वेढा घातला आणि पाच वर्षांहून जास्त काळ गड दाद देईना. लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा कातड्याने मढवून वापरल्या, असं मोगलांच्याच बखरकाराने नोंदवलंय. माथ्यावर उभं राहून भोवतालचं सपाट रान बघितलं की वेढा इतका का लांबला ते कळतं. खाली काहीही हललं तरी वरून दिसतं.

कातळपायरी

गोदाकाठ यांच्याशी सहमत. हरिहरबद्दल सविस्तर लिहितो, कारण मुलगी बरोबर आहे.

नाशिकपासून ४० किलोमीटरच्या आसपास, त्र्यंबकच्या पुढे. पायथ्याची दोन गावं: निरगुडपाडा आणि हर्षेवाडी. निरगुडपाड्याकडून चाल जास्त आणि चढ जास्त, हर्षेवाडीकडून वाट सोपी. मुलीला घेऊन हर्षेवाडीने जा. दोन्ही वाटा शेवटी त्याच कातळी जिन्याच्या पायथ्याशी मिळतात, त्यामुळे बघायचं काही सुटत नाही आणि जिन्याला लागताना पाय ताजे राहतात. पेट्रोल त्र्यंबकलाच भरा. पुढे फोनची रेंज येते-जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

आता जिना. खालून बघताना तो भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा दिसतो, काही ठिकाणी खरोखरच ८० अंशांच्या जवळ जातो. पण प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना कातळात खोबणी कोरलेली आहे. चार बोटं आत जातात आणि पकड पक्की बसते. पायरी मध्यभागी झिजून खोलगट झाली आहे, माती आणि पाणी तिथेच साठतं. म्हणून पाऊल मध्यात टाकू नका, कडेजवळ टाका. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले, चौथाच हलवायचा. मुलीला हे आदल्या दिवशी रामशेजच्या एखाद्या बुटक्या कातळावर करून दाखवा, हरिहरवर शिकवायला जागा नाही.

क्रम असा: भाऊ पुढे, मग मुलगी, तिच्या लगेच खालच्या पायरीवर तुमच्यापैकी एक. खालच्या माणसाचा एक हात तिच्या टाचेजवळ. दोरी कमरेला बांधून दोघांनी चढायचा विचार असेल तर तो सोडा. वरच्या माणसाला कशाचा पक्का आधार नसेल तर एक घसरला की दुसराही जातो.

पहिला जिना संपला की दरवाजा, मग कातळाच्या पोटातून वाकून जायची आडवी वाट. पाठीवरची फुगलेली सॅक इथे वरच्या छताला घासते आणि माणूस दरीकडे ढकलला जातो. सॅक छोटी, अंगाला चिकटून असलेली, बाहेर बाटली-काठी काही लटकत नको. त्यानंतर दुसरा जिना, काहींना पहिल्यापेक्षा तोच जास्त अवघड वाटतो. माथ्यावर पाण्याची टाकी, मारुती, महादेव आणि एकच शाबूत इमारत, दारूगोळ्याचं कोठार. त्याच्या सावलीत खाऊन घ्या. टाक्यांच्या काठी माकडं असतात, खाण्याची पिशवी हातात धरून बसू नका.

उतरताना तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं. दरीकडे तोंड करून बसत बसत उतरणारे पुष्कळ दिसतील. त्यात टाच पायरीच्या कडेवर टेकते, वजन पुढे जातं आणि हाताला खोबणी सापडत नाही. फोन खिशात, चेन लावून.

परत फिरायचं कधी, हे खालीच ठरवा. जिन्यावरून पाणी वाहताना दिसलं, अगदी करंगळीएवढी धार असली तरी, मुलीसह चढू नका. कातळ नुसता ओलसर असेल तर बुटाचे तळवे कोरड्या दगडावर घासून चिखल काढा आणि मग पहिली पायरी चढा. घसरण्याचं मोठं कारण हाच चिखल: खालच्या रानातून आपणच आणतो आणि मागच्या माणसासाठी पायरीवर ठेवून जातो. बुटाचे खाचे झिजलेले असतील तर गुळगुळीत चप्पल आणि ते बूट यांत फरक नाही.

परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. सात वाजता पायथा, साडेआठपर्यंत जिना, साडेनऊला माथा, अकराच्या आत पुन्हा जिन्याखाली. पावसाळ्यात गर्दीच्या दिवसांत वनखातं प्रवेशावर मर्यादा घालतं, काही वेळा बंदीही असते. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा गावात चौकशी करून निघा.

१८१८ मध्ये इंग्रजांनी हा सगळा टापू घेतला तेव्हा आसपासच्या बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरचा जिना राहिला. दोन शतकं टिकलेली ती खोबणी हाताला लागते तेव्हा ज्याने ती कोरली त्याला मनोमन नमस्कार करावा.

चूल आणि रस्सा

आता मिसळ. वर गोदाकाठ यांनी "उतरून मिसळ" लिहिलंय, ते का ते आधी सांगतो. मटकी पचायला वेळ घेते, वर तेलाची तर्री आणि तिखट. पोटभर मिसळ खाऊन तासाभरात चढायला लागलात की वाकून पाऊल टाकताना आंबट घशाशी येतं, आणि मीठ-तिखटामुळे नेलेलं पाणी अर्ध्या वाटेतच संपतं. चढायच्या आधी पाऊण तास एक केळं आणि गूळ-तूप लावलेली पोळी पुरे. उतरल्यावर मिसळीची चव काही औरच, घामाने गेलेलं मीठही भरून निघतं.

अडचण एकच. मिसळीची बरीचशी जुनी ठिकाणं सकाळी आठच्या सुमारास सुरू होतात आणि दुपारी एक-दोनला रस्सा संपतो. रामशेज, पांडवलेणी यांच्याशी ही वेळ तंतोतंत जुळते, हरिहरशी मुळीच जुळत नाही. त्या दिवशी मिसळीचा हट्ट नको.

कोल्हापूरच्या माणसाला तीन फरक लगेच जाणवतील. इथे ब्रेडचे स्लाइस नसतात, लादीपाव असतो. रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि पुन्हा पुन्हा वाढतात. आणि सोबत पापड, दही, कांदा, लिंबू, काही ठिकाणी जिलबीसुद्धा. रस्सा दोन तऱ्हेचा. लाल रस्सा तुमच्या कटाच्या जवळचा, मिरची जिभेवर लागते. काळा रस्सा म्हणजे कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ काळं पडेपर्यंत भाजून, वाटून, त्यात काळा मसाला. तो जिभेवर सौम्य वाटतो आणि घशात उतरल्यावर कळतो. म्हणून पहिल्या घासावरून "एवढी तिखट नाही" असं ठरवून सगळी वाटी ओतू नका.

खायची रीत: ताटलीत खाली उसळ, वर फरसाण आणि शेव. आधी दोनच पळ्या रस्सा, तोही एका बाजूला. सगळा एकदम ओतला की पाचव्या मिनिटाला फरसाणाचा लगदा होतो, मग ती आमटी-पाव होते. थोडं कालवायचं, संपवायचं, पुन्हा गरम रस्सा मागायचा. दही कालवू नका, मध्ये मध्ये चमच्याने घ्या. गरम रश्श्यात गेलं की ते फुटतं. मुलीसाठी वाढणाऱ्या दादांना सांगा, "तर्री बाजूला सारून खालचा रस्सा द्या." न कुरकुरता देतात.

कुठे? रामशेज उतरून पेठ रस्त्याने आलात की पंचवटी वाटेतच, तिथे कारंज्याजवळ अंबिका, काळ्या रश्श्यासाठी. शनिवारी पांडवलेण्यांहून अंबड-सातपूरमार्गे बारदान फाट्यावरची साधना, चुलीवरची मिसळ. लाकडाच्या धुराचा वास रश्श्याला खरोखर लागतो. शनिवारी तिथे दहानंतर थांबावं लागतं, साडेनऊला पोचा. त्र्यंबक रोडने जाणार असाल तर सातपूरची श्यामसुंदर आहे. एका दिवशी दोन ठिकाणी खाऊन तुलना करायच्या फंदात पडू नका, दुसरी मिसळ नेहमी हरते.

त्र्यंबकरोड

मिसळ नंतर हे बरोबर, पण त्याचा अर्थ उपाशीपोटी चढा असा होत नाही. मुलीला तर मुळीच नको. पोहे अर्धी बशी चालतील. हरिहरसाठी माणशी तीन लिटर पाणी. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. दर वीस मिनिटांनी दोन घोट. एकदम अर्धी बाटली प्यायलं की पोटात डुचमळतं.

कातळाच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. अंगाला अत्तर-स्प्रे नको, वर बिडी-सिगरेट पेटवू देऊ नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं ओढणीने झाका आणि त्या जागेपासून लांब व्हा, पण पायऱ्यांवर पळू नका. काटा लवकर काढा, नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून.

रंकाळाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्काम बदलला, गंगापूर रोडला खोली घेतली. हरिहर शुक्रवारी, हर्षेवाडीने.

राहिलेलं: आम्ही रामशेज आणि हरिहरला असताना आई काय करेल? तिला लॉजवर एकटं बसवायचं मनाला पटत नाही. द्राक्षांचं कुणी बोललं नाही. आणि हरिहर उतरल्यावर दुपारी एकला भुकेलेल्या मुलीला काय खायला घालू?

गोदाकाठ

द्राक्षं या दिवसांत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरला बागांची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) चालते, म्हणजे तुम्ही याल तेव्हा वेली बोडक्या असतील किंवा नुकत्या फुटत असतील. घड तयार होतो जानेवारीअखेर, मग मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम. आता बाजारात नाशिकची ताजी द्राक्षं म्हणून कुणी विकत असेल तर ती शीतगृहातली किंवा बाहेरची. मुलीला छाटणी दाखवा, तीही बघण्यासारखी असते: काडीवर किती डोळे, म्हणजे नवा फुटवा येण्याच्या जागा, ठेवायचे ते मोजून कात्री लावतात, आणि त्या डोळ्यांवरच पुढचं पीक ठरतं. दिंडोरी रस्त्याला बागा रस्त्यालगत आहेत, मालकाला विचारूनच आत जा. फवारणी चालू असेल तर लांबूनच बघा.

आईंसाठी गुरुवार सोपा आहे. रामशेजला तुम्ही साडेनऊला खाली येता, त्या तोवर मुक्कामावर विश्रांती घेतील. संध्याकाळी सगळे मिळून काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंड. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता, ते मुलीला सांगा. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ रांगत उतरायचं असतं, आईंनी बाहेरच थांबावं.

उपवासाला मेन रोडवरच्या सायंताराचा साबुदाणा वडा. गरमच खावा, पार्सल करून आणला की वाफेने कवच मऊ पडतं. पोटभरीचं हवं असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर, म्हणजे तुमची वरी, हे याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागातलं धान्य, घोटी-नाशिक पट्ट्यात तिच्या गिरण्या आहेत. घरी न्यायलाही चांगली. पोटाला दोन तेलकट वड्यांपेक्षा वाटीभर भगर बरी.

शुक्रवारी तुम्ही सात तास तरी बाहेर. आईंना बरोबर घ्यायचं तर त्र्यंबकला उतरवून भावजयीने, म्हणजे तुमच्या सौंनी, सोबत राहावं. गर्दीमुळे दर्शनाला तीन-चार तास लागतात. रांगेत उभं राहणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा वाईट. ज्येष्ठांची वेगळी रांग आहे का ते आधी विचारा. नाहीतर कुशावर्त कुंडावर बसणं, गावातून हिंडणं एवढंच ठेवा.

पांडवलेण्यांना दोनशेच्या आसपास पायऱ्या, रुंद आणि बांधलेल्या, मध्ये टेकायला जागा. लेण्यांचं तोंड उत्तरेकडे, त्यामुळे वर सावली असते. साडेसातला सुरू करा. एकूण २४ लेणी आहेत. आईंना सगळी दाखवू नका, तीनच दाखवा: तिसरं, दहावं आणि अठरावं. तिसऱ्याच्या ओसरीखाली बघा, ओसरीच्या तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेले आहेत. ओसरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख, आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, आईने केलेलं वर्णन. दहावं क्षत्रप राजा नहपानाच्या वेळचं. सातवाहन आणि क्षत्रप, दोन हाडवैरी राजवटी एकाच डोंगरात शेजारी-शेजारी. अठरावं चैत्यगृह, तिथे आईंना थोडं बसू द्या, आत गार असतं.

नागलीवाली

हरिहरच्या दुपारचं मी सांगते. पायथ्याच्या पाड्यांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, पिठलं, उडदाची आमटी आणि ठेचा मिळतो, पण हॉटेलसारखा तयार नसतो. सकाळी वर जाताना एखाद्या घरी सांगून जायचं: किती माणसं, किती भाकऱ्या, साधारण किती वाजता उतरणार. दर तेव्हाच विचारा आणि थोडे पैसे आगाऊ द्या, म्हणजे ताईंना भरवसा वाटतो. माणशी दोन भाकऱ्या पुरतात, ज्वारीच्या भाकरीपेक्षा नागलीची जड बसते.

नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून आधी पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढतात, मग मळून थापतात. तव्यावर दोन्ही बाजू आणि शेवटी निखाऱ्यावर, तिथे ती टम्म फुगते. रंग काळपट तपकिरी, करपलेली समजून मुलीने बाजूला सारायला नको. गरम असताना मऊ, पंधरा मिनिटांत चामट. म्हणून "करून झाकून ठेवा" असं सांगू नका, उतरल्यावर हातपाय धुवून बसा आणि एकेक गरम मागा. अर्धा-पाऊण तास लागेल. मुलीला तोवर बरोबरचा राजगिऱ्याचा लाडू द्या.

ठेचा हिरव्या मिरचीचा, तुमच्या तांबड्या रश्श्याची सवय असली तरी आधी कणभरच.

कातळपायरी

त्यात एक भर. सॅकमधून वेष्टनं, बाटल्या सगळं परत खाली आणा. पाड्यावर कचरागाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं त्यांच्याच शेतात उडत जातं.

आणि हरिहर रद्द होऊन अंजनेरीला गेलात तर: अंजनेरी फाटा त्र्यंबक रस्त्यावर २० किलोमीटरवर, गावातून वनखात्याच्या फाटकापर्यंत गाडी जाते. पायऱ्या बांधलेल्या आहेत, मुलीला काहीच कठीण नाही. घळीत जैन लेणं, वर पठारावर अंजनीमातेचं मंदिर आणि तळं, मग दुसरा टप्पा. पठारावर ढग उतरला की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि ढोरवाटा सगळीकडे फुटतात. तशात पुढचा टप्पा सोडून मंदिराजवळच थांबा. या दिवसांत पठार सोनकीने पिवळं झालेलं असतं आणि गवतात सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प सापडू शकतं. याच डोंगरावरून त्याला नाव मिळालंय आणि ते जगात फार थोड्या जागी उरलंय. बोटाएवढी नळी, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं कंदिलासारखी जुळलेली. फोटोसाठी गवतात शिरू नका, एक फूल टिपताना न दिसलेली तीन झाडं पायाखाली जातात. मळलेल्या वाटेवरूनच बघा.

रंकाळाकर

घरची सगळी मंडळी एकत्र बसून वाचतोय. बायको म्हणते ती आईबरोबर त्र्यंबकला थांबेल, हरिहरवर मी, भाऊ आणि मुलगी. शेवटचं: शेजारी आणि पाहुण्यांसाठी रस्सा पार्सल आणता येईल का? नाहीतर काय न्यावं?

चूल आणि रस्सा

रस्सा नेऊ नका. दहा तासांचा प्रवास, गाडीतली ऊब, त्यात भाजलेलं खोबरं आणि कांदा, घरी पोचेपर्यंत आंबतो. काळा मसाला न्या, घरच्या मटकीला तीच चव बऱ्यापैकी येते. पाव किलो मटकीच्या रश्श्याला दोन चमच्यांपासून सुरुवात करा. खोबरं वेगळं, कांदा वेगळा भाजा, एकत्र टाकलं की कांद्याच्या पाण्यात खोबरं भाजलंच जात नाही आणि रस्सा काळा न होता राखाडी होतो.

चिवडा तर हवाच, कोंडाजी चिवड्याचं नाव कोल्हापुरातही माहीत असेल. कच्चा कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची घेऊन खातात. गडावर मात्र नेऊ नका, तहान वाढवतो. त्यात तळलेला कांदा असतो, पिशवी एकदा फोडली की ओल धरून मऊ पडतो, तेव्हा एक किलोची पिशवी घेण्यापेक्षा पाव किलोच्या चार घ्या. मुलीची द्राक्षं हुकली, तिला बेदाणे घ्या. घेताना मूठभर दाबून बघा: हात सोडल्यावर दाणे सुटे झाले पाहिजेत. गोळा तसाच राहिला तर ओले आहेत, कोल्हापूरच्या दमट हवेत पंधरा दिवसांत बुरशी धरतील.

शनिवारी दुपारीच खरेदी उरका. रविवारी पहाटे दुकानं उघडी नसतात.